मागची ताटी

दत्तराव निरोप घेऊन आला तेव्हा चंद्रप्पा कूलरमध्ये पाणी भरत होता.

मृग अजून लागला नव्हता. नळाच्या तोटीला हात लावला तरी चटका बसत होता. त्याच्या बायकोला, बसम्माला, पित्ताचे खडे झाले होते, म्हणून पोरगा महांतेश तिला नांदेडला घेऊन गेला होता आणि त्यानं तिला तिथल्या एका दवाखान्यात दाखल केलं होतं. जीपमध्ये बसल्यावरही ती चंद्रप्पाला सांगत होती, "कूलरमदी पाणी बघत जावा. टाकी कोरडी पडली की पंप जळतोय." म्हणून तो सकाळ-संध्याकाळ पाइप लावायचा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं, निदान एवढं तरी.

दत्तराव भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. एरवी तो फाटकापासूनच बोलत यायचा, अर्ध्या सोनपेठला ऐकू जाईल असा. त्या दिवशी गुमान आला आणि कूलरपाशी उभा राहिला. पायात चप्पल नव्हती.

"पाणी बंद कर, चंद्रप्पा."

"भरू दे की. चार बोटं राहिलंय."

"महांतेशचा फोन आला होता," दत्तराव म्हणाला. "मला आला होता."

पोरानं बापाला सोडून शेजाऱ्याला फोन केला, एवढ्यावरूनच चंद्रप्पाला कळायचं ते कळलं. दत्तराव पुढचं सांगत होता. ऑपरेशन उद्या होतं. सकाळी केस विंचरताना छातीत कळ आली. डॉक्टर धावले, पण उपयोग झाला नाही. चंद्रप्पाच्या हातात पाइप तसाच होता. टाकी भरली, पाणी वरून सांडलं आणि अंगणातून वाहत बेलाच्या आळ्यापर्यंत गेलं. शेवटी दत्तरावनंच जाऊन तोटी बंद केली.

लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे बसम्माला बसवून समाधी दिली. पाहुणे होते तोवर कूलर चालू राहिला. मग हवेत गारवा आला आणि कुणीतरी बटन बंद केलं. दरवर्षी हंगाम संपला की बसम्मा टाकी उपसायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि कूलरवर जुनी सतरंजी टाकून सुतळीनं आवळायची. त्या वर्षी टाकीतलं पाणी टाकीतच आटलं. कुणी सतरंजी टाकली नाही.

कूलर लोखंडी होता. लेक महेश्वरी रांगत होती त्या उन्हाळ्यात चंद्रप्पानं बाजारातल्या पत्रेवाल्याकडून तो करून घेतला होता. लेकरू उकाड्यानं रडून रडून बेजार झालं होतं. घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. मधल्या खोलीची खिडकी बाजूच्या अंगणात उघडायची. त्या खिडकीला बाहेरून कूलर लावला, लोखंडी घडवंचीवर. कूलरला तीन बाजूंनी ताट्या. ताटी म्हणजे जाळीची चौकट, तिच्यात गवत भरायचं. पंप पाणी वर चढवतो, ते गवतातून ठिबकत खाली येतं, पंखा ओल्या गवतातून हवा ओढतो आणि घरात फेकतो. एवढंच ते यंत्र.

पण ते चालवायचं बसम्मानं. चंद्रप्पा गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये प्रेसवर होता, रुईच्या गाठी बांधायचा. पंख्याला तेल, मोटारीची तार, हे तो करायचा. गवताला मात्र ती त्याला हात लावू द्यायची नाही. पाडवा झाला की एखादा दिवस धरून ती पदर खोचायची. जुनं गवत काढून बेलाच्या बुडाशी टाकायची. बोअरचं पाणी खारं, त्यामुळं वर्षभरात जाळीवर पांढरे पट्टे चढलेले असायचे. चिंचेचं पाणी लावून ती ते घासायची आणि म्हणायची, "बगा, आपला कूलरबी भस्म लावून बसलाय. ह्याला आता लिंग बांधायचं तेवढं राहिलंय." दरवर्षी हेच म्हणायची आणि दरवर्षी चंद्रप्पा हसायचा.

मग नवं गवत घेऊन ती बेलाच्या सावलीत बसायची. एक एक मूठ घ्यायची, सोडवायची, जाळीवर पसरायची. फाटक्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या करून त्यांनी गवत जाळीला बांधायची. चंद्रप्पा एकदा मदतीला बसला तर तिनं त्याच्या हातातली मूठ काढून घेतली.

"तुमी नका. तुमी गाठ बांधताव."

"मग काय वाईट बांधतो का? मुकादमाला विचार."

"लय चांगली बांधताव. म्हणूनच नका म्हणायलेय."

ती चेष्टा करतेय असं समजून त्यानं पुढं विचारलं नाही.

सगळं झालं की पूजेच्या तांब्यात उरलेलं पाणी ती टाकीत ओतायची, पत्र्यावर भस्माची तीन बोटं ओढायची आणि बटन दाबायची. पहिली हवा आली की ओल्या गवताचा वास घरभर पसरायचा. महांतेश आणि महेश्वरी खिडकीसमोर पालथी पडून पंख्यात तोंड घालून ओरडायची, आवाज थरथरत यायचा. तो वास आला की उन्हाळा सुरू झाला, असं त्या घरात होतं.

यंदा पाडवा झाला आणि गेला. कूलर उघडाबोडका उभाच राहिला. चंद्रप्पा दुपारी ओला पंचा अंगावर टाकून पडायचा. महांतेश फोनवर म्हणाला, "अप्पा, एसी बसवून देतो." चंद्रप्पा म्हणाला, "एका माणसाला कशाला पायजे एसी?"

मग महेश्वरीचा फोन आला. तिला झरीला दिलेलं. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच असतं. बसम्मा असती तर तिनं सातव्या महिन्यातच गाडी पाठवली असती.

"जेवलात का अप्पा?"

"जेवलो. तू कवा येतीस?"

"सासूबाई म्हणायल्यात, हितंच करू. तिकडं बाईमाणूस न्हाई म्हणायल्यात."

"सरजाबाई हाय की. मी बघते म्हणाली ती. शेक-शेगडी, न्हाणं, सगळं." सरजाबाई म्हणजे दत्तरावची बायको, बसम्माची जिवाभावाची.

"आणि ऊन लय हाय अप्पा. मला सोसंना झालंय. हितं निदान एका खोलीत एसी हाय."

"आपल्याकडं कूलर हाय की."

"चालू हाय का?"

"हाय की," चंद्रप्पा म्हणाला. त्या वेळी कूलरच्या टाकीत चिमण्या धूळ खेळत होत्या.

"बरं. दोन दिस येऊन बघते. न्हाई सोसलं तर माघारी जाते. मनाला लावून घेऊ नका."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ मधल्या खोलीत बसून राहिला. लेक बाळंतपणाला आली तर हे तिचं माहेर. आली आणि दोन दिवसांनी परत गेली, तर पुढं ती बापाला भेटायला येईल, सकाळी येईल आणि संध्याकाळी जाईल. तिथून पुढं हे घर म्हणजे नुसतं चंद्रप्पाचं बिऱ्हाड. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं काम काढलं. मोटारीला तेल दिलं. पंप क्षारानं धरला होता, तो खोलून, चिंचेच्या पाण्यात बुडवून मोकळा केला. टाकी खरवडली. हे सगळं त्याला येत होतं. मग ताट्या काढायला घेतल्या. डावी निघाली, उजवी निघाली. मागची निघेना. तिची खालची कडी क्षारानं पार चिकटली होती. हातोडी मारली तर पत्रा वाकला असता. "ऱ्हाऊ दे तूर्तास," म्हणून त्यानं ती सोडली.

काढलेल्या ताट्यांतलं गवत काळं पडून खपली झालं होतं. ते झटकताना हिरव्या काठाच्या चिंध्या खाली पडल्या. तिच्या गाठी अजून पक्क्या होत्या. त्या सोडवायला त्याला नखं लावावी लागली. चिंध्या धुऊन त्यानं दोरीवर वाळत घातल्या.

बाजारातून नवं गवत आणलं, पोतं भरून. बेलाखाली बसला आणि भरायला लागला. हात आपोआप चालले. मूठ टाकायची, बुक्कीनं दाबायची, कोपरे ठासायचे, वरून परत दाबायची. कुठं पोकळी ठेवायची नाही. उभा जन्म त्यानं हेच केलं होतं. जिनिंगमध्ये मुकादम म्हणायचा, चंद्रप्पाची गाठ पावसात ठेवा, आत थेंब जाणार नाही. दोन ताट्यांत सगळं पोतं जिरवलं. बायकोच्या ताट्यांपेक्षा या चांगल्या जड झाल्या, हे त्याला उचलतानाच जाणवलं आणि बरंही वाटलं. मागच्या ताटीला गवत उरलं नाही, म्हणून त्यानं आणखी थोडं आणून ठेवलं.

भस्माची तीन बोटं ओढली, तांब्या ओतला, बटन दाबलं. पंखा गरगरला. आवाज तर दांडगा. पण हवा अशी, की समोर धरलेला पंचा जागचा हलेना.

सरजाबाई डोक्यावर पदर घेऊन बघायला आली. खिडकीसमोर उभी राहिली, मागं सरली, परत पुढं झाली.

"भाऊ, कूलर लावलाय का पिठाची गिरणी?"

"नवीन गवत हाय. बसायला येळ लागतो."

"नवरीला बसायला येळ लागतो. गवताला कशाचा आलाय?"

"वैनी, पोरीसमोर असलं बोलू नका. ती परवा येणार हाय."

"मी न्हाई बोलायची," सरजाबाई म्हणाली. "पण घामाला गप बसवता का तुमी?"

महेश्वरी ठरल्या दिवशी आली. जावयानं तिला गाडीनं सोडलं, पाणी घेतलं आणि कामाचं सांगून तो परत गेला. उंबऱ्यावर सरजाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. महेश्वरीनं घरात पाऊल टाकल्याबरोबर खिडकीकडं बघितलं. आईचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, पण तिनं आधी कूलरकडं बघितलं.

दुपारी जेवणं झाली आणि खोली तापली. झळा आत येऊ नयेत म्हणून चंद्रप्पानं घराची सगळी दारं-खिडक्या घट्ट लावली होती. कूलर दणदणत होता. हवा येत नव्हती आणि जी ओल येत होती ती घरातच कोंडत होती. भांड्यांना पाणी सुटलं, पापडाच्या डब्याला घाम आला. महेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. अंगाला साडी चिकटली होती. पोट सांभाळत ती या कुशीवर, त्या कुशीवर होत होती. मग उठून दारापाशी जाऊन बसली.

"अप्पा."

"बोल."

"मी उद्या यांना बोलावते."

"दोन दिस म्हणाली होतीस."

"लेकराचं बघावं लागतं अप्पा. माझं एकटीचं असतं तर मी गुमान बसले असते." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "तुमी केलंत तेवढं लय केलंत."

"बरं," चंद्रप्पा म्हणाला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरता फिरता थांबला आणि घर एकदम गप्प झालं. ऊन कललं होतं. खिडकी पश्चिमेकडची. चंद्रप्पाचं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. बसम्माच्या फोटोखाली भिंतीवर उजेडाचे बारीक ठिपके पडले होते, ज्वारीचे दाणे सांडावेत तसे. पंख्याच्या पात्यांमधून येत होते. तो उठला, त्यानं खिडकीपाशी जाऊन आत वाकून बघितलं. उजेड मागच्या ताटीतून येत होता. डावी-उजवीकडं मिट्ट काळोख.

तो उन्हातच बाहेर गेला. बसम्मानं भरलेल्या त्या मागच्या ताटीवर वर्षाचा क्षार होता, धूळ होती, तरी तिच्याआड हात धरला तर बोटं दिसत होती. गवताची प्रत्येक काडी वेगळी, मध्ये जागा. त्यानं उजव्या ताटीआड हात धरला. काही दिसलं नाही. चांगली घट्ट गाठ होती ती. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून गेलं होतं. त्यानं बोट खुपसून बघितलं, आत गवत कोरडं ठणठणीत होतं.

लय चांगली बांधताव. म्हणूनच नका म्हणायलेय.

तो तिथंच घडवंचीला धरून उभा राहिला. महेश्वरी दारातून म्हणाली, "काय झालं अप्पा? चक्कर आली का?"

"न्हाई. बोलली होती की ती मला. मला वाटलं चेष्टा करायलीय."

त्यानं दोन्ही ताट्या काढल्या आणि बेलाखाली आणल्या. महेश्वरीला बसायला पाट दिला. तिला काही करू नको म्हणाला, पण तिनं एक ताटी पुढ्यात ओढलीच.

"अगं आई गं, किती दाबलंय हे! निघंना की."

"चांगल्या गाठीत पाण्याचा थेंब शिरत न्हाई."

महेश्वरी त्याच्याकडं बघायला लागली. "पण अप्पा, ह्यात तर पाणी शिरायलाच पायजे ना?"

चंद्रप्पाला हसू आलं. आधी नुसतं तोंडातल्या तोंडात, मग चांगलंच. महेश्वरीही हसली, पोटावर हात धरून. त्यांचा आवाज ऐकून सरजाबाई भिंतीवरून डोकावली आणि तिनं विचारलं, "मला कामून सांगंनात तुमी? मीबी हसते की." मग तीही येऊन बसली.

"अव्वा कशी उकलायची माहीत हाय का," महेश्वरी आईबद्दल म्हणाली, "माझे केस उकलल्यागत. ओढायचं न्हाई, बोटानं सोडवायचं. ओढलं की ती हातावर मारायची."

"माझ्या हातावर तिनं कवा मारलं न्हाई," चंद्रप्पा म्हणाला.

"तुमाला बसूच कुठं दिलं?"

सगळं गवत सुटं झालं तेव्हा अंगणात केवढा तरी ढीग झाला. त्यातलं अर्ध्याहून कमी दोन ताट्यांना लागलं. महेश्वरी दाखवत गेली, चंद्रप्पा पसरत गेला. दाबायला हात शिवशिवायचे, पण तो मूठ मिटून घ्यायचा. ताटी उन्हाकडं धरायची, बोटं दिसली की पुढची मूठ टाकायची. हिरव्या काठाच्या चिंध्या परत बांधल्या. त्याला तिच्यासारखी गाठ आली नाही. त्यानं आपली जिनिंगची गाठ मारली. तिथं ती चालण्यासारखी होती.

लाइट आली. या खेपेला पंचा फडफडला. ओल्या गवताचा वास आला. पण थोड्या वेळानं घर परत दमट व्हायला लागलं. महेश्वरी उठली, मागं स्वयंपाकघरात गेली. तिथल्या खिडकीच्या चौकटीला दोऱ्यानं एक लाकडाची खुंटी लटकत होती. चंद्रप्पानं ती वर्षानुवर्षं बघितली होती आणि ती कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. महेश्वरीनं एक झडप बोटभर उघडली आणि फटीत ती खुंटी बसवली. मधल्या खोलीतली हवा सरसरत स्वयंपाकघराकडं गेली. दारावरचा पडदा त्या बाजूला वळला.

"हे काय केलंस?"

"हवेला जायला वाट पायजे अप्पा. अव्वा म्हणायची, पाव्हण्यासारखं हाय. परतीची गाडी हाय म्हणल्यावर पाव्हणा बिनघोर बसतो." तिनं पुढच्या खोलीकडं हात केला. "सैपाक चालू असला की ही खिडकी. दुपारी निजायचं असलं की पुढची. जिकडची उघडाल तिकडं गारवा जातोय."

चंद्रप्पानं पुढच्या खोलीत जाऊन बघितलं. तिथल्या खिडकीलाही तशीच खुंटी होती. एका कूलरवर तीन खोल्या कशा थंड राहायच्या, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. त्याला वाटायचं, कूलर चांगला निघाला.

महेश्वरी मधल्या खोलीत चटई टाकून आडवी झाली आणि बोलता बोलताच झोपली. दिवेलागणीला उठली तेव्हा तिनं झरीला फोन लावला. चंद्रप्पा बाहेर पाइप धरून उभा होता, पण कान आत होते. "न्हाई, नका येऊ," ती सांगत होती. "राहते मी. लेकराला घ्यायलाच या."

सरजाबाईनं बोलल्यासारखं सगळं केलं. तालुक्याच्या दवाखान्यात महेश्वरी मोकळी झाली, मुलगी झाली. जावई, सासूबाई येऊन बघून गेले. सासूबाई घरात शिरल्या तेव्हा पदरानं वारा घेत होत्या, बसल्यावर पदर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गार हाय की घर." चंद्रप्पा म्हणाला, "बसम्मानं केलेलं हाय." त्यांनी फोटोकडं बघितलं आणि मान हलवली.

आता मधल्या खोलीत झोळी बांधली आहे. लेकराच्या अंगावर थेट हवा नको म्हणून चंद्रप्पा दुपारी पुढच्या खिडकीची झडप बोटभर उघडतो आणि खुंटी लावतो, मग गारवा झोळीच्या बाजूनं निघून जातो. टाकीत पाणी तोच बघतो. बाळंतिणीनं ओल्यात जाऊ नये म्हणून महेश्वरीला तो अंगणात येऊ देत नाही.

मागच्या ताटीतून पाणी पांढरं उतरतं आणि त्या बाजूनं हवा कमी येते. त्यानं तेल सोडून सोडून तिची कडी मोकळी केली आहे. सोडवलेलं गवत पोत्यात भरून बाजेखाली ठेवलं आहे. महेश्वरी दोनदा म्हणाली, "अप्पा, तेवढी मागची भरून टाका की." तो म्हणाला, "भरतो." सरजाबाईही म्हणाली. तिलाही तो भरतो म्हणाला. सकाळी दुसरं काही करायच्या आधी तो एक तांब्या पाणी घेऊन जातो आणि मागच्या ताटीवर वरून हळू सोडतो, म्हणजे ती चांगली भिजते.

मागच्या ताटीचं गवत बदलायचं अजून राहिलं आहे.